पेटीचा वनवास

नाशकात पेटी म्हटलं की आधी द्राक्षं आठवतात. तरी दुसऱ्या पेटीबद्दल बोलायला इथं हरकत नसावी. वनवास हा विषय पंचवटीमुळे आमच्या घरचाच, आणि या पेटीचा वनवास तर रामाच्या दुपटीहून मोठा. चांगली एकतीस वर्षं!

पेटीचं माहेर पॅरिस. १८४० च्या सुमारास अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिरानं हार्मोनियम घडवली. तिकडे ती खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारत वाजवायची. आपण तिला मांडी घालायला लावली. डाव्या हाताला भाता, उजव्याला सूर. झाली सून घरची!

महाराष्ट्रात तिला मान मिळवून दिला गोविंदराव टेंब्यांनी. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'चं संगीत त्यांचं, आणि पडद्यावरचा हरिश्चंद्रही तेच! मान असा झाला. अपमान १९४० साली. त्या मार्चपासून आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं.

आरोप खोटा होता असं मात्र म्हणवत नाही. पेटीचे सूर कारखान्यातच ठरलेले. त्यांच्यात मींड नाही. गवई घसरगुंडीवरून अलगद उतरतो, पेटी बिचारी जिन्याच्या पायऱ्या मोजत येते. खुद्द रवींद्रनाथांनाही ती नको होती. आता एवढ्या मोठ्या माणसाशी वाद कोण घालणार?

वाद घातला तो पेटीवाल्यांनी, आणि तोही न बोलता. वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व अशा गवयांना साथ करणारे गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) घ्या. वाजवायला बोटांत काय कमी होतं? पण साथ म्हणजे गवयाच्या मागून, सावलीच्या अंतरानं चालायचं. तो मींडेवर असला की सूर हलका करायचा, नुसता आधार ठेवायचा. तो श्वास घ्यायला थांबला की तेवढीच जागा भरायची आणि पुन्हा मागे सरायचं. पेटीला जे जमत नाही ते वाजवायचंच नाही, ही खरी विद्या. कमी बोलण्याची विद्या आपल्याला घरीसुद्धा साधत नाही, मग भर मैफलीत किती कठीण!

नाटकवाल्यांनी तर बंदी मनावरच घेतली नाही. १९६४ मध्ये आमच्या नाशिकच्या प्रा. वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' आलं, जितेंद्र अभिषेकींच्या चाली घेऊन. संगीत नाटक म्हटलं की ऑर्गन हवाच, म्हणजे पेटीची थोरली बहीण. रेडिओवर ज्या घराण्याला मज्जाव, त्याच्या सुरावर तिकीट काढून आलेली मंडळी 'वन्समोअर' देत होती.

१९७१ साली बंदी उठली. दिवाळी वगैरे कुणी केली नाही. पेटी गवयाच्या डाव्या हाताला जाऊन बसली, आणि भाता हलू लागला.