जुन्या चित्रातला दरबार आणि आपला ग्रुप फोटो

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त "काका, इतिहासावर काहीतरी लिहाच" असा चिटणीसांचा आग्रह झाला. माझी नोकरी गेली बँकेत. त्यामुळे इतिहासही मी कर्जाच्या कागदासारखाच वाचतो: तारीख कोणती, सही कोणाची, साक्षीदार कोण!

माझ्या बैठकीत एका जुन्या छापील चित्राची प्रत आहे. पुष्कळांनी ती पाहिली असेल. जागा शनिवारवाड्यातला गणेश रंगमहाल, जिथे पेशव्यांचा गणेशोत्सव होई. दाटीवाटीने दरबारी बसलेत. मध्ये सवाई माधवराव, सोबत नाना फडणवीस आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट. प्रसंग 1790 चा, टिपूविरुद्धच्या कराराचा.

पाहणाऱ्याला वाटतं, चित्रकार कोपऱ्यात बसून सगळं टिपत असेल. पण तारखा जुळत नाहीत. ज्याच्या रेखाटनांवरून चित्र झालं तो जेम्स वेल्स मुंबईत उतरला 1791 साली, म्हणजे करारानंतर. 1795 मध्ये तो वारला. मग थॉमस डॅनियलने इंग्लंडमध्ये बसून 1805 साली मोठं तैलचित्र केलं. चार्ल्स टर्नरने ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवून 1807 मध्ये छापलं. तोवर सवाई माधवराव आणि नाना दोघेही गेले होते, आणि इंग्रज-मराठे एकदा लढूनही झाले होते.

म्हणजे ही गर्दी कुणीतरी मांडलेली आहे. कुणी? चित्र करवून घेतलं मॅलेटने. म्हणून तो पेशव्यांच्या जवळ, कराराच्या ऐन क्षणी दिसतो. खुर्ची मात्र एकही नाही. पेशव्यांच्या दरबारात बैठक जमिनीवर, आणि कोण गादीच्या किती जवळ यावरून मान ठरायचा. सोळा वर्षांचा पेशवा मध्यभागी, पण कारभार नानांचा, हे त्या काळी सगळ्यांना ठाऊक होतं. चित्र मान दाखवतं, सत्ता दाखवेलच असं नाही.

आणि जे चित्रात नाहीत ते? करारात निजामही सामील होता, म्हणजे आपल्या मराठवाड्याचा तेव्हाचा धनी. ज्या रयतेच्या साऱ्यावर या फौजा उभ्या राहायच्या, तिला रंगमहालात जागा कुठली!

तरी चित्राचे उपकार आहेत. 1828 च्या आगीत वाडा जळाला. तो महाल कसा होता हे सांगणारे फार थोडे पुरावे उरले, त्यात हे एक.

आता आपल्या भूमिपूजनाचा फोटो काढा. मांडववाल्याच्या खुर्च्यांवर आम्ही नऊजण, मधोमध मी, गळ्यात हार. पहिल्या विटेपासून शेवटच्या स्लॅबपर्यंत राबलेले गवंडीमामा कडेला उभे होते. फोटोत त्यांचा फक्त खांदा आलाय. "मामा, इकडे या" एवढं म्हणायला मला काय झालं होतं? आज मामा नाहीत, आणि त्यांचा दुसरा फोटोही आपल्याकडे नाही.

म्हणून एक विनंती. महोत्सवाच्या दिवशी फोटो काढताना खुर्च्या ठेवू नका, सतरंजी अंथरा. वॉचमनदादा, झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळ्यांना आधी बसवा. मी मागे उभा राहीन. पाठीमागे नावं, तारीख नीट लिहा. पंचवीस वर्षांनी कुणीतरी तो फोटो वाचेल.