काजळी आणि कणीक

घरात लहान मूल असेल तर 'प्ले-डो' नावाची रंगीत, मऊ माती तुम्हाला माहीत असणारच. त्याची फळं होतात, साप होतात, आणि शेवटी सगळे रंग एकत्र होऊन एक मातकट गोळा होतो. गंमत म्हणजे ही वस्तू जन्माला आली तेव्हा खेळणं नव्हतीच. ती भिंती पुसायची कणीक होती! थंडीच्या दिवसांत घरातल्या वॉलपेपरवर बसलेली काजळी टिपून घ्यायला ती वापरत.

'स्प्रिंग क्लीनिंग' हा शब्द आपण आता सहज वापरतो. कपाटं आवरायची, जुने कपडे देऊन टाकायचे, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत राहणाऱ्या बाईला हा शब्द ऐकून धडकीच भरत असणार. त्या साफसफाईचा इतिहास वाचायला लागलं की तो स्वच्छतेचा कमी आणि धुराचा जास्त निघतो.

कल्पना करा. बाहेर चार-पाच महिने बर्फ. थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. आत लोखंडी शेगडी नाहीतर कोळशाची भट्टी रात्रंदिवस पेटलेली. दिवस लवकर मावळणार, म्हणून संध्याकाळपासून रॉकेलचे दिवे, शहरात असाल तर गॅसचे. धुराड्यातून सगळा धूर काही बाहेर जात नाही. थोडा घरात राहतो आणि पडद्यांवर, गालिच्यांवर, छतावर, पुस्तकांच्या कडांवर चिकटून बसतो. त्यात कोळशाची काजळी म्हणजे तेलकट प्रकरण. नुसतं फडकं मारलं तर पुसली न जाता पसरते.

मग बर्फ वितळायची वाट बघायची. शेगडी पेटती आहे तोवर सफाईला अर्थ नाही, आणि फार लवकर विझवली तर पुन्हा थंडीची लाट यायची भीती. एकदा का उबदार हवेची खात्री पटली की घर अक्षरशः उलटंपालटं व्हायचं. आधी शेगडीची धुराची नळी उतरवायची. ती बाहेर नेताना हातातून निसटली तर हिवाळाभराची काजळी जमिनीवर! मग गालिचे. ते भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरून कडेने बारीक चुका मारून बसवलेले असत, खाली पेंढा नाहीतर जुनी वर्तमानपत्रं. एकेक चूक उपसायची, गालिचा अंगणात दोरीवर टाकायचा आणि वेताच्या झोडपणीने बडवायचा. पिसांच्या गाद्यांना ऊन द्यायचं, पलंगाच्या सांध्यांतले ढेकूण मारायचे, जाड पडदे काढून पातळ लावायचे, तळघराला चुन्याची सफेदी करायची. ह्या सगळ्यात दिवसच्या दिवस जात.

इझाबेला बीटनबाईंचं घरकामावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक १८६१ साली प्रसिद्ध झालं. (ह्या बाई पुढे १८६५ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बाळंतरोगाने गेल्या.) त्यांनीही घर साफ करायचा ऋतू म्हणून वसंताचंच नाव घेतलंय, आणि कारण दिलंय ते हिवाळ्यातल्या कोळशाच्या, तेलाच्या आणि गॅसच्या धुराचं. धर्म नाही, मुहूर्त नाही, सरळ जळणाचा हिशोब.

मला वाटतं, जगात सगळीकडे मोठ्या साफसफाईची वेळ हवामान ठरवतं आणि सण त्यावर नंतर येऊन बसतो. इराणात नवरोझच्या आधी जी सफाई होते तिला 'खाने तकानी' म्हणतात, म्हणजे घर झटकून काढणं. तिथेही हिवाळा संपल्यावर. आपल्याकडे मात्र घर खराब करतो तो पाऊस. चार महिन्यांची ओल, भिंतींवर बुरशी, कपड्यांना कुबट वास. म्हणून आपली सफाई वसंतात नाही, दसरा-दिवाळीला. आश्विनाचं ऊन पडलं की गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, भिंतींना चुना काढायचा, आणि लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी हळदकुंकू लावून पुजायची. ज्या ऋतूने घर मळवलं तो सरला की झाडू हातात घ्यायचा. नियम तोच, फक्त महिना वेगळा.

आता त्या कणकेची गोष्ट. बाकी घर धुता येतं, पण कागदी वॉलपेपर धुणार कसा? पाणी लागलं की कागद फुगतो, रंग ओघळतो. त्यावर जुना उपाय म्हणजे शिळा पाव. पावाचा मऊ भाग भिंतीवरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवायचा, तो काळा झाला की टाकून नवा तुकडा घ्यायचा. पुढे पावाऐवजी पीठ, मीठ आणि पाणी ह्यांची कणीकच मिळू लागली. गोळा भिंतीवरून फिरवायचा, काळा झालेला भाग मळून आत ढकलायचा, पुन्हा फिरवायचा. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात 'कुटॉल' नावाची साबणाची कंपनी होती. तिने १९३० च्या दशकात क्रोगर ह्या किराणा दुकानांच्या साखळीसाठी अशी तयार कणीक बनवायला घेतली आणि त्यावर कंपनी तगली. गिऱ्हाइकांची काय कमी? १९४० च्या अमेरिकन जनगणनेत सुमारे ५५ टक्के घरं कोळशावर तापत होती, आणि आणखी जवळजवळ २३ टक्के लाकडावर. म्हणजे दर चार घरांपैकी तीन घरांत दरवर्षी काजळी.

ही काजळी पुसायची कोणी, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडत नव्हता. उत्तर ठरलेलं होतं. पैसा असेल तर मोलकरीण, नसेल तर घरची बाई आणि तिच्या मुली. स्वच्छ पडदा म्हणजे चांगली गृहिणी, काळा पडदा म्हणजे आळशी. धुराड्याबद्दल मात्र असं कोणी बोलत नसे. उलट कारखान्याचा धूर दिसला की लोकांना बरं वाटे, म्हणजे कामधंदा चालू आहे.

ह्या धुराचा पैशातला हिशोब मांडला गेला तो पिट्सबर्गमध्ये. पोलादाचं शहर ते, भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९११ पासून धुराचा अभ्यास केला, आणि १९१३ मध्ये आकडा दिला : धुरामुळे शहराला वर्षाला जवळजवळ एक कोटी डॉलरचा भुर्दंड पडतो, माणशी सुमारे वीस डॉलर. त्यात जास्तीच्या धुलाईचा आणि साफसफाईचा खर्चही धरला होता. म्हणजे घरातली ही कटकट शहराच्या जमाखर्चात मोजण्याइतकी मोठी होती.

बायका काही नुसत्या पुसत बसल्या नव्हत्या. सेंट लुईसमध्ये १९१० साली त्यांनी धूर हटवण्यासाठी स्वतःची संघटना काढली आणि काळा धूर ओकणाऱ्या धुराड्यांविरुद्ध तक्रारींचा लकडा लावला. ज्यांच्या हाताला ती काजळी लागत होती त्यांनाच ती कुठून येते हे आधी दिसलं, ह्यात नवल नाही. पण स्वस्त कोळशापुढे त्यांचं फार चाललं नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याच सेंट लुईसमध्ये भर दिवसा अंधार झाला. त्यानंतर, १९४० मध्ये, शहराने कडक कायदा केला. पिट्सबर्गने १९४१ मध्ये केला, पण घरगुती शेगड्यांना तो लागू व्हायला १९४७ उजाडलं.

दरम्यान यंत्रं आली होती. कॅन्टन नावाच्या ओहायोतल्याच एका गावात जेम्स स्पँगलर हा एका दुकानात झाडलोट करणारा, दम्याने बेजार झालेला माणूस होता. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढून घेणारं यंत्र बनवलं. १९०८ मध्ये पेटंट घेतलं, ते हूवर कुटुंबाकडे गेलं, आणि पुढे ते नाव घरोघरी पोचलं. आता गालिचा बडवायला नको! मग बायकांचं काम कमी झालं असेल ना?

इथेच खरी मेख आहे. रूथ श्वार्ट्झ कोवान ह्या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवलंय की गालिचे बाहेर नेऊन बडवायच्या वर्षाच्या कामात पुरुष आणि मुलं हात लावत. यंत्र आल्यावर ते काम 'सोपं' झालं, म्हणून एकट्या बाईचं झालं. आणि वर्षातून एकदाच्या ऐवजी आठवड्याचं झालं. जोॲन व्हॅनेक ह्यांनी १९७४ मध्ये आकडे मांडले होते : नोकरी न करणाऱ्या अमेरिकन गृहिणी १९२० च्या दशकात घरकामाला आठवड्याचे सुमारे ५२ तास देत. १९६० च्या दशकात, सगळी यंत्रं घरात असताना, ५५! काम हलकं झालं, पण संपलं नाही. स्वच्छतेची पट्टीच वर सरकली.

काजळी मात्र खरोखर गेली. यंत्राने नाही, जळण बदलल्याने. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं तेलावर आणि नैसर्गिक गॅसवर तापू लागली. १९६० पर्यंत कोळशावरची घरं १२ टक्क्यांवर आली. त्यातच पाण्याने पुसता येणारा व्हिनाइलचा वॉलपेपर आला. कुटॉलची कणीक कोण घेणार? कंपनीच्या मालकांच्या नात्यातल्या के झुफाल ह्या बाई बालवाडी चालवत. त्यांनी ती कणीक मुलांच्या हातात दिली आणि मुलं रमली. मग साबणाचा अंश काढला, रंग आणि वास घातला, आणि १९५६ मध्ये 'प्ले-डो' बाजारात आलं. नावही ह्याच बाईंच्या घरातून सुचलेलं. योगायोग असा की त्याच १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. त्याच्या मागे डिसेंबर १९५२ चे लंडनचे पाच दिवस होते, धुरक्याने हजारो माणसं गेली ते. भिंतीवर काजळी बसत होती तेव्हा ती माणसांच्या छातीतही बसत होती. भिंत दिसत होती, म्हणून तेवढी पुसली जात होती.

हे वाचताना आपल्याकडच्या चुली डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाहीत. काळे कुळकुळीत वासे, छपराला लोंबणारी जळमटं, आणि फुंकणीने जाळ करताना डोळ्यांतून घळाघळा पाणी. दिवाळीच्या आधी त्या भिंती पुन्हा सारवल्या जात, पोतेरं फिरे, आणि दोन महिन्यांत सगळं पूर्ववत. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत सिलिंडर पोचले, तरी तो परत भरून घेणं न परवडणारी घरं आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

म्हणून वाटतं, घर किती लखलखीत ठेवलंय ह्यावरून बाईला गुण देण्याआधी चुलीत काय जळतंय ते बघावं. काजळी पुसणाऱ्या हातांचं कौतुक पुष्कळ झालं. ती थांबली ती जळण बदललं तेव्हा.

असो. तुमच्या आजीने किंवा पणजीने दिवाळीआधी घर कसं काढलं, चुना कोण काढायचं, वासे कोण पुसायचं, हे घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा आणि मलाही कळवा. ह्या गोष्टी कुठे लिहिलेल्या नसतात.