गिरणगावची खाणावळ : एका खोलीची वास्तू

जुन्या वास्तूंचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, वाडे आणि देवळे येतात. विलायतेत जुन्या सरायांचे आणि पानगृहांचेही इतिहास लिहितात. कारण गावची कष्टकरी माणसे तेथेच बसली, जेवली, भांडली आणि एक झाली. मुंबईत तशी वास्तू कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही लालबाग-परळच्या चाळीतील खाणावळीकडे बोट दाखवू. तिला स्वतंत्र इमारत नव्हती. चाळीतील एक खोली हीच तिची वास्तू.

ही खाणावळ गिरणीच्या पोटी जन्मली. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून माणसांचा लोंढा सुरू झाला. पगार बेताचा, जागा महाग. तेव्हा बायकामुले गावी आणि गडी एकटा मुंबईत, अशी घडी बसली. एकाच गावचे गडी मिळून खोली घेत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. अशा गड्यांना दोन वेळचे जेवण कोणी घालावयाचे? ज्या थोड्या कामगारांचे बिऱ्हाड मुंबईत होते, त्यांच्या बायकांनी हे काम अंगावर घेतले.

आता खोली पाहू. १९२० साली सरकारने डेव्हलपमेंट खाते काढले आणि ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. याच त्या बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधून बोळ, दोन्ही बाजूंस दहा-दहा खोल्या, संडास सामाईक आणि खोली १६० चौरस फुटांची.

या १६० फुटांतच सकाळी स्वयंपाकघर, दुपारी भोजनगृह आणि रात्री शेजघर मांडावयाचे. एका कोपऱ्यात चूल किंवा घासलेटचा स्टो, भिंतीला फळ्या, वर पोटमाळा. पाळी सुटली की भिंतीला पाठ लावून गडी ओळीने बसत. एक पंगत उठली की दुसरी. जागा पुरेनाशी झाली की पाने बोळात मांडली जात. गिरणीचा भोंगा हेच तिचे घड्याळ आणि पगाराच्या दिवशी चुकती होणारी वही हाच तिचा गल्ला.

१८७८ च्या अबकारी कायद्याने दारूच्या दुकानाला परवाना दिला, म्हणून त्याची नोंद सरकारदप्तरी राहिली. खाणावळवालीची नोंद तेवढी तिच्या वहीत. पण १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले, ते नुसत्या भाषणांच्या जोरावर राहिले काय? वहीत उधारी चढत गेली आणि पंगत चालू राहिली, हेही संपाचे एक बळ होते.

तथापि या खोलीचे नुसते गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. खाणावळ गावची, तालुक्याची, तशीच जातीचीही होती. जो भेद तिच्या उंबऱ्यावर होता तोच गिरणीतही होता. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागतो, ही त्याची सबब. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर उभा केला. एका मागणीसाठी शेजारी उभे राहणारे लोक एका पंगतीला बसत नव्हते, हे आम्ही कामगार चळवळीच्या माणसांनी विसरता कामा नये.

आणि खाणावळवाली? ती पहाटेपासून राबे आणि किराणा भरण्यासाठी सावकाराचे व्याज भरी. १९७३-७४ च्या संपात तिने गड्यांना पोसले, पण तिला मजूर म्हणून कोण ओळखत होते? कामगार चळवळीतल्याच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. हे काम त्यापूर्वी कितीतरी वर्षे व्हावयास हवे होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, गडी गावी परतले आणि पंगती मोडल्या. आता बीडीडी चाळीही पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. रहिवाशांना मोठे, स्वतंत्र संडासाचे घर मिळावे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. १६० फुटांच्या कोंडवाड्याचे कौतुक त्यात न राहणाऱ्यांनीच करावे.

मात्र घर बदलताना पोटमाळ्यावरची जुनी वही रद्दीत घालू नका. आपल्या आजीने किती गडी जेवू घातले, भाव काय होता, कोणाची उधारी बुडाली आणि कोणाला उंबऱ्याबाहेर वाढले, हे तिच्याकडून वा शेजारणीकडून विचारून लिहून ठेवा. भिंती पडल्यावर या वास्तूचा तेवढाच पुरावा उरणार आहे.