बंडाळीच्या मुलखातील यात्रेकरू

वडोदरा शहराच्या पश्चिमेस गोत्री हे एकेकाळचे स्वतंत्र खेडे. पुढे शहर वाढत वाढत तेथवर येऊन भिडले. दांडिया बाजारातील जुनी बिऱ्हाडे सोडून जी मराठी व कोंकणी कुटुंबे बाहेर पडली, त्यांतील काही येथे स्थिरावली. सन २०२५ च्या भाद्रपदात येथील आमच्या मंडळींत पशुपतिनाथाच्या यात्रेचा बेत रंगात आला होता. ऐन पितृपक्षात, ८ सप्टेंबर रोजी, काठमांडूत तरुणांच्या निदर्शनांवर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी संसदभवन पेटले, पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, विमानतळ बंद पडला. देवदर्शनास गेलेले शेकडो भारतीय ठिकठिकाणी अडकून पडले. जमावाने पेटविलेल्या एका हॉटेलातून जीव वाचविण्याच्या धडपडीत एका भारतीय महिलेचा अंत झाला. ही वार्ता येताच आमच्या मंडळींत दोन तट पडले. कोणी म्हणाले, देव बोलावतो त्याला देवच सांभाळतो; कोणी म्हणाले, आता परमुलखाचे नावच नको. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र निराळाच प्रश्न टाकला: "पूर्वीचे लोक अशा वेळी काय करीत?" त्या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याचे आम्ही मनावर घेतले.

पूर्वीचे लोक सोबत शोधीत, हे पहिले उत्तर. सन १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेस निघाली तेव्हा तिच्याबरोबर यात्रेकरूंचा मोठा समुदाय निघाला. एरवी वाट चोरांची. एवढ्या फौजेच्या छायेत मथुरा, कुरुक्षेत्र ही क्षेत्रे निर्धास्तपणे घडतील, हा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा होता असे कोणी त्या दिवशी म्हटले नसते. परंतु १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्यात ज्या छायेस ते उभे राहिले तोच वृक्ष कोसळला.

दुसरे उत्तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे. पेणनजीकचे हे भिक्षुक घराणे, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार व दक्षिणेचा पाऊस पडणार, अशी बातमी कानी आली; तेव्हा काका रामभट यांच्यासह विष्णुभट सन १८५७ च्या प्रारंभी पायी निघाले. दक्षिणेसाठी दूरचा प्रवास हे त्या काळी नवल नव्हते. आमच्या वडोदऱ्यासही श्रावणमास दक्षिणेकरिता देशावरून व कोकणातून ब्राह्मणांची रीघ लागत असे, आणि ती प्रथा सयाजीराव महाराजांनी पुढे परीक्षेशी जोडली, हे जुन्या मंडळींस ठाऊकच आहे. तथापि हिंदुस्थानची वाट लांबची. वडिलांचे मन धजेना. त्यांना भीती होती ती उत्तरेकडील भांगेची आणि तिकडच्या बायकांच्या मोहाची! वयात आलेल्या मुलाच्या बापास सुचावी तीच ती भीती. बंडाळीचा विचार त्या घरात कोणाच्या स्वप्नीही आला नसावा. प्रवासातील संकटांविषयी आम्हांला येथे एक गोष्ट जाणवते. मनुष्य घरून ज्या भयाची तजवीज करून निघतो, ते भय बहुधा वाटेत भेटत नाही. भेटते ते भलतेच.

महूच्या अलीकडेच त्यांना शिपाई भेटले व पुढे काय पेटणार आहे ते कळले. येथून परत फिरता आले असते. ते फिरले नाहीत. अविवेक म्हणून त्यांस दोष देणे आज आपल्यास सोपे आहे. पण घरी सावकार होता आणि पुढे यज्ञ होता, हे विसरून कसे चालेल? परतणे ही ज्याला परवडते त्याची गोष्ट असते. काकापुतणे उज्जैन, ग्वाल्हेर करीत झाशीस पोहोचले, आणि सन १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने त्या शहरास वेढा घातला तेव्हा ते आतच होते.

एप्रिलच्या प्रारंभी गोरी फौज शहरात शिरली. त्यानंतरचे दिवस विष्णुभटांनी जे वर्णिले आहेत ते वाचताना अंगावर काटा येतो. आधी सोनेचांदी गेली, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य. आणि या लुटीच्या आगेमागे माणसे कापली जात होती. काकापुतणे एका घराच्या आश्रयाने लपून राहिले. गाठीची रक्कम गेली, जीव राहिला. त्या पंचक्रोशीत त्या घटकेस राज्य कोणाचे, हे कोणालाही सांगता आले नसते, आणि सांगता येऊन उपयोगही नव्हता. या दोघा परदेशी ब्राह्मणांस उपयोग झाला तो ओळखीच्या दाराचा. झाशीत आपल्या बाजूचे लोक होते, शास्त्री होते, दानाध्यक्ष होते. नावगाव सांगितले की पाट मांडला जाई. परक्या शहरात एक तरी घर आपल्यास नावाने ओळखणारे असावे, यापरते संरक्षण त्या काळी नव्हते.

झाशी सोडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना पठाणी वेशातील राणी लक्ष्मीबाई भेटल्या. त्या तहानलेल्या होत्या. भटजी पाणी ओढू लागले तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून आपण पाणी ओढवून घेणार नाही म्हणून त्यांनी त्यांना थांबविले व स्वतःच दोर हाती घेतला. हा प्रसंग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पण आम्हांला तो यात्रेकरूच्या बाजूने पाहावासा वाटतो. आश्रय देणारे सिंहासनच रस्त्यावर आले होते. आता पुढची दक्षिणा कोण देणार? तरीही विष्णुभट थेट घरी वळले नाहीत. वाटेत लुटले गेले, पुन्हा काही मिळविले, चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी अशी क्षेत्रे केली. अखेर धन फारसे न घेता गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईस परतले आणि त्या जलाने त्यांनी आईवडिलांस स्नान घातले. ही हकीकत त्यांनी पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिली. सरकारच्या भीतीने ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. 'माझा प्रवास' प्रसिद्ध झाला तो सन १९०७ मध्ये.

गोडसे भटजींस चोर व शिपाई आडवे आले. आमच्या गोमंतकीय वाचकांच्या मागल्या पिढीस आडवा आला तो कागद. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सीमा बंद झाल्या, कॅसलरॉक व कुळे यांमधील आगगाडी थांबली, परस्परांच्या वकिलाती उठल्या. गोव्यातील भारतीयांचे हितसंबंध पाहण्याचे काम इजिप्तकडे आले आणि भारतातील पोर्तुगिजांचे ब्राझीलकडे. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथे ज्यांची कुळदैवते, त्यांना मुंबईहून जावळ वा नवस फेडण्यास जाणे म्हणजे परवान्यांचा खटाटोप झाला. तेथे ओळखीची दारे अगणित होती. पण दारापर्यंतची वाटच दोन सरकारांच्या वैरात अडकली होती. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही स्थिती कमीअधिक प्रमाणात राहिली. त्या काळात राहून गेलेल्या नवसांची गणती कोणी केलेली नाही.

नेपाळची गोष्ट याच्या उलट. तेथे भारतीयास पारपत्र वा व्हिसा लागत नाही. मतदाराचे ओळखपत्रही पुरते. पशुपतिनाथाचे पूजकही दक्षिणेकडून, कर्नाटकातून गेलेले भट्ट. त्यामुळे आपण परदेशी जात आहोत हे यात्रेकरूच्या मनातच येत नाही. परंतु या मोकळीकीत एक गोष्ट दुर्लक्षित राहते. कोण कोठे उतरला आहे याची नोंद आपल्या वकिलातीपाशी आपोआप होत नाही. सप्टेंबरातील त्या दिवसांत वकिलातीने दूरध्वनी क्रमांक जाहीर केले, घराबाहेर न पडण्याचा सल्ला दिला. पण ज्याने आपला ठावठिकाणा कोणासच सांगितला नव्हता, त्याला शोधायचे कोणी? १० तारखेस विमानतळ उघडला आणि १२ तारखेस सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. राज्य चार दिवसांत फिरले, आणि ते चार दिवस ज्यांनी धर्मशाळेच्या खोलीत काढले त्यांना ते चार महिन्यांएवढे वाटले असतील.

गोत्रीच्या मंडळींनी ही हकीकत एका सायंकाळी आमच्याकडून ऐकून घेतली. यात्रा त्या वर्षापुरती लांबणीवर पडली. बेत पुन्हा निघेल तेव्हा उतरण्याच्या जागेचा पत्ता आणि प्रत्येकाच्या ओळखपत्राची नक्कल घरी ठेवायची, रक्कम एकाच्या कंबरेस न बांधता वाटून घ्यायची, आणि काठमांडूत एक तरी ओळखीचे घर आधी पत्राने जोडून ठेवायचे, एवढे ठरले. त्या वृद्ध गृहस्थांनी जाता जाता पुस्तक मागून नेले. ते अद्याप त्यांच्याकडेच आहे.