सारी अक्षरे, एकच ओळ

इंग्रजी टायपिंगच्या वर्गात ज्याने म्हणून महिनाभर बोटे आपटली आहेत, त्याला तो कोल्हा ठाऊक असतोच. चपळ, तपकिरी रंगाचा, आळशी कुत्र्यावरून उडी मारून जाणारा. ‘द क्विक ब्राउन फॉक्स जंप्स ओव्हर द लेझी डॉग.’ हा कोल्हा कोठून आला, कोठे चालला, कुत्र्याने पुढे काय केले, याची चौकशी कोणी करीत नाही. त्याची थोरवी एवढीच की, त्या एका वाक्यात इंग्रजीची २६ च्या २६ अक्षरे येऊन जातात. अशा वाक्याला तिकडे पॅनग्राम म्हणतात. शब्द ग्रीक, पॅन म्हणजे सर्व आणि ग्रामा म्हणजे अक्षर. आपण त्याला सर्ववर्णी वाक्य म्हणू.

१८८५ साली अमेरिकेतील ‘बॉस्टन जर्नल’ या वृत्तपत्राने हे वाक्य मुलांना कित्ता गिरवायला चांगले म्हणून सुचविले होते. टाइपरायटर आणि तारायंत्रे यांच्याही कामी ते आले. यंत्राची सारी अक्षरे नीट उमटतात की नाही, हे पाहायचे तर याहून सोपा उपाय कोणता? कोल्ह्याला एकदा उडी मारायला लावायची, की झाले! १९६२ साली क्यूबाच्या प्रश्नावरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर जाऊन परतले, तेव्हा दोन्ही राजधान्यांना जोडणारी थेट संदेशवाहिनी उभारावी असे ठरले. ३० ऑगस्ट १९६३ रोजी ती सुरू झाली. तिच्यावर टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. आणि जगाचे प्राण ज्या तारेवर टांगलेले, त्या तारेवरून वॉशिंग्टनने मॉस्कोला पहिला चाचणी-संदेश धाडला तो या कोल्ह्याचाच, शेवटी शून्यासकट दहा आकडे जोडून. रशियन मंडळी या कोल्ह्याने बुचकळ्यात पडली, असे सांगतात. पडणारच! शत्रूकडून आलेल्या कोल्ह्याचा सरळ अर्थ कोण घेईल?

पण हिशेबी माणसाला हा कोल्हा उधळ्याच वाटेल. २६ अक्षरांच्या कामासाठी तो ३५ अक्षरे खर्च करतो. प्रत्येक अक्षर एकदाच वापरून वाक्य करता येईल का? येथून कोड्याला आरंभ होतो. या कोड्याच्या नादी लागलेला एक थोर गणिती म्हणजे ऑगस्टस डी मॉर्गन. त्याचा जन्म १८०६ साली आपल्या मदुरेचा. आय-जे आणि यू-व्ही या जोड्या एकेक अक्षर मानून त्याने वाक्य बसविले खरे. पण त्यात गारगोट, देवळातील पवित्र डबी आणि फेकलेला चिखल असा काला झाला होता. असे वाक्य मनुष्यप्राणी कधी उच्चारील, हे खुद्द कर्त्यालाही खरे वाटेना. पुढे एकदा प्रतिपक्षावर शिव्यांचा भडिमार करणाऱ्या एका धर्मपंडिताचे लेखन त्याच्या वाचनात आले आणि त्याला एकदम उमगले, की अरे, हाच तो! हृदय दगडाचे, डौल पवित्र पात्राचा आणि धंदा चिखलफेकीचा. ही हकीकत त्याच्या मृत्यूनंतर १८७२ साली निघालेल्या ‘अ बजेट ऑफ पॅराडॉक्सेस’ या पुस्तकात आहे. आधी वाक्य, मग अर्थाचा शोध, असा हा उफराटा संसार. अक्षरांची काटकसर करू गेले की पहिली उपासमार अर्थाची होते.

जपानी लोकांनी मात्र ही किमया साधली. ‘इरोहा’ नावाच्या त्यांच्या जुन्या कवितेत ४७ अक्षरे प्रत्येकी एकदाच येतात आणि अर्थ म्हणाल तर थेट मनाला भिडणारा. फुले सुगंधी असली तरी गळून जातात, या जगात चिरकाल कोण राहिले, असा तिचा भाव आहे. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी नोंद १०७९ सालची. परंपरा तिचे कर्तृत्व कूकाई या बौद्ध आचार्याला देते. विद्वान ते मानीत नाहीत. ते काही असो, शेकडो वर्षे जपानी मुलांनी अक्षरे याच कवितेवरून गिरविली, कोशांतले शब्द याच क्रमाने लागले, आणि नववर्षाच्या सणात घरोघर तिच्या अक्षरांवर बेतलेल्या म्हणींच्या पत्त्यांचा डाव रंगू लागला. पुढे तिची जागा ज्या अक्षरक्रमाने घेतली, तो ‘अ, इ, उ, ए, ओ’ असा सुरू होतो. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो घडविला.

आपल्याकडे वर्णमालाच मुळी कंठापासून ओठांपर्यंत अशी शिस्तीत बसविलेली, की ती लक्षात ठेवायला वाक्याची गरज पडली नाही. तरी हौसेला मोल नसते. त्याच अकराव्या शतकात धारानगरीच्या भोजराजाच्या ‘सरस्वतीकंठाभरण’ ग्रंथात एक श्लोक येतो. त्यात क पासून ह पर्यंत ३३ व्यंजने आहेत आणि तीही ओळीने! स्तुती मय राजाची आहे. पण अर्थ लावताना पंडितालाही घाम फुटावा. कौतुक करावे, पाठ करण्याच्या भरीस पडू नये, असे माझे मत.

न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन याचे शब्दकोडे छापले गेले आणि आडव्या-उभ्या शब्दांचे वेड जगभर पसरले. इंग्रजी कोडी रचणारे काही वस्ताद चौकटीत २६ही अक्षरे गुपचूप पेरून ठेवतात. मुरलेल्या सोडवणाऱ्याला क्यू, एक्स, झेड अशी दुर्मीळ मंडळी लवकर भेटली की वास येतो. मग तो राहिलेले अक्षर कोणते ते मोजतो, आणि अडलेला शब्द सुटतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ‘स्पेलिंग बी’ या खेळात तर सातच अक्षरे देतात आणि सातही वापरणाऱ्या शब्दाला पॅनग्राम म्हणून जादा गुण मिळतात. नाव तेच, पसारा लहान.

आता मराठी. आमच्या फळ्यावर जमलेले एक वाक्य असे: ‘दिवाळीच्या थंडीत भल्या पहाटे उठून आजोबांनी छान डगला घातला, फराळात ढीगभर शंकरपाळी झटपट खाल्ली आणि सावकाश औषध मागितले.’ स्वर आणि जोडाक्षरे यांचा हिशेब येथे धरलेला नाही. व्यंजनांत ‘ळ’सकट ३२ हजर आहेत, दोन गैरहजर. त्यांपैकी ‘ङ’ बिचारा ‘वाङ्मया’च्या आश्रयाने राहतो आणि ‘ञ’ ‘याच्ञा’ करीत फिरतो. लहानांनी पेन्सिल घेऊन एकेक व्यंजन खोडून पाहावे. मोठ्यांनी फराळ आटोपला की या दोघांसाठी आजोबांच्या पंगतीत कोठे पाट मांडता येतो ते बघावे.