शकुंतलेचा रूळ आणि ‘स्वीप’ची गोष्ट

‘तू नेमकं काय काम करतेस ते आम्हाला समजेल असं लिही,’ अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आपल्या वर्गात आता डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, शेतकरी सगळे आहेत, आणि हा अंक आपले सर आणि मॅडमही वाचणार आहेत. म्हणून जपून लिहिते.

मी पुण्यात कॅडच्या सॉफ्टवेअरवर काम करते. यंत्रांचे भाग, गाड्यांचे पत्रे, प्लास्टिकच्या बाटल्या आधी संगणकावर आकाराला येतात, ते सॉफ्टवेअर. त्यात पृष्ठभाग तयार करण्याचे अनेक आदेश असतात. त्यातला एक ‘स्वीप’. माझी बरीच वर्षं त्याच्याभोवती गेली आहेत. झाडू मारण्याशी त्याचा संबंध नाही, हे आमच्या नात्यातल्या एका काकूंना दोनदा सांगावं लागलं.

स्वीप समजायला आपली शकुंतला पुरेशी आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, दोन रुळांमधलं अंतर जेमतेम ७६२ मिलिमीटर. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी उभी केलेली ही लाइन. १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं तेव्हा आपण सातवीत होतो. रूळ आडवा कापला तर जो आकार दिसतो तो डोळ्यांसमोर आणा: वर जाड डोकं, मधे बारीक कंबर, खाली रुंद पाया. हा झाला ‘काप’. लाइन जिकडे जिकडे वळते तो ‘मार्ग’. काप मार्गावरून सरकवत नेला की मागे जो आकार उमटत जातो, तो स्वीप. कल्पना एवढीच. पाइप, नळीची वळणं, खिडकीच्या चौकटीची नक्षी, गाडीच्या दाराभोवतीची रबरी पट्टी, सगळं याच जातीचं.

मग यात एवढं अवघड काय? सरकवणं अवघड नाही. सरकताना कापाने तोंड कुठे ठेवायचं, हे अवघड आहे.

संगणक येण्याआधी हा प्रश्न हाताने सुटायचा. जहाज बांधणारे कारागीर मोठ्या माळ्याच्या जमिनीवर जहाजाच्या वक्ररेषा पूर्ण मापात काढत. लाकडाची लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरायची. मधल्या जागेत पट्टी स्वतःच सुंदर वळण घेते. इंग्रज कारागीर त्या वजनांना बदकं म्हणत. आमच्या ‘स्प्लाइन’ या शब्दाचं मूळ त्या पट्टीत आहे आणि ‘लॉफ्ट’ या आदेशाचं मूळ त्या माळ्यात. ही विद्या परकीच होती असंही नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे.

गाड्या आल्या आणि पत्र्याच्या वळणांना माळा पुरेना. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास वक्ररेषा आकड्यांत पकडण्याची रीत शोधली. कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी तशीच रीत स्वतंत्रपणे उभी केली आणि उघडपणे मांडली, म्हणून जग त्या रेषांना बेझिएच्या रेषा म्हणतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये स्टीव्हन कून्स यांनी चार कडांमधला पृष्ठभाग भरण्याची पद्धत दिली. हे सगळं १९६० च्या दशकातलं. (गुपित ठेवून काय मिळालं, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.)

आता कापाच्या तोंडाकडे. याचं उत्तर गणिताने फार आधी देऊन ठेवलं होतं. फ्रेने यांनी १८४७ च्या प्रबंधात आणि सेरे यांनी १८५१ मध्ये दाखवलं की वक्ररेषेच्या प्रत्येक बिंदूवर तीन दिशा बसवता येतात: एक पुढे जाण्याची, दुसरी रेषा ज्या बाजूला वळते आहे तिकडची, तिसरी या दोघींना काटकोनात. काप या तीन दिशांना बांधायचा आणि चालू लागायचं. कागदावर देखणं. पण शकुंतलेच्या लाइनवर वापरून बघा. गाडी डावीकडे वळते आहे तोवर ठीक. मग डावं वळण संपून उजवं सुरू होतं, एस अक्षरासारखं. त्या मधल्या बिंदूवर ‘वळण्याची बाजू’ एका क्षणात डावीची उजवी होते. तिच्याबरोबर तिसरी दिशा, म्हणजे आपली ‘वरची’, खाली जाते. रूळ तिथे उताणा पडेल, डोकं खडीत आणि पाया आकाशाकडे! सरळ पट्ट्यात तर वळण्याची बाजूच नाही, तिथे सूत्र गप्प बसतं.

१९७५ साली रिचर्ड बिशप यांनी छोट्याशा लेखात दुसरा मार्ग दाखवला. रेषा कुठे वळते हे विचारूच नका; काप मार्गाभोवती विनाकारण पीळ न खाता पुढे न्या. डोक्यावर हंडा घेतलेली बाई रस्ता वळला की वळते, पण स्वतःभोवती गिरक्या घेत नाही, तसं. ही चाल संगणकावर झटपट आणि पुरेशी अचूक काढण्याची रीत २००८ साली वेनपिंग वांग, बर्ट युटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. प्रत्येक पावलाला दोन आरशांत दोन प्रतिबिंबं घ्यायची, बस. ती वाचली त्या दिवशी मला डबा खायचं भान राहिलं नव्हतं.

तरी भांडण मिटत नाही. मार्ग फिरून स्वतःला येऊन मिळत असेल, बांगडीसारखा पण वेडावाकडा, तर पीळ न खाता निघालेला काप परत येतो तेव्हा सुरुवातीच्या कापाशी जुळेलच असं नाही. तो फरक सगळ्या वाटेवर थोडा थोडा वाटून द्यावा लागतो. आणि खऱ्या रुळाला यातलं काहीच नको असतं. त्याला वर म्हणजे आकाश, आणि वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर काम करणाऱ्यालाच विचारतं: तोंड कसं ठेवू?

दुसरी अडचण बैलगाडीवाल्याला विचारा. फार अरुंद जागेत गाडी वळवली की आतलं चाक उलटं फिरतं. स्वीपमध्येही वळण कापाच्या रुंदीपेक्षा आवळ झालं की आतली कड मागे जाते आणि पृष्ठभाग स्वतःलाच कापतो. पडद्यावर चुरगळलेला पत्रा दिसतो आणि आमच्याकडे तक्रार येते.

इथे आपल्या मुंबईचं नाव येतं, आणि ते आपल्या अंकात यावं असं मला मनापासून वाटतं. नुसत्या कापाऐवजी अख्खी घन वस्तू फिरवत नेली तर? वखराची पास जमिनीतून जाताना जेवढी माती हलते तेवढा सगळा आकार अचूक काढायचा, असं समजा. कारखान्यात यंत्राचं हत्यार धातू कापत जातं, तिथे हाच प्रश्न असतो. आयआयटी मुंबईत मिलिंद सोहोनी, भरत अडसूळ आणि त्यांच्या संशोधक विद्यार्थ्याने या घन स्वीपचं गणित २०१३-१४ च्या सुमारास प्रसिद्ध केलं. फिरलेल्या आकाराची कवचासारखी बाहेरची बाजू मूळ वस्तूच्या कडा-पृष्ठांशी जागोजागी कशी मिळतीजुळती असते हे त्यांनी सिद्ध केलं, आकार स्वतःला कुठे कापतो ते ओळखण्याची रीत दिली, आणि एसिस नावाच्या, उद्योगात वापरल्या जाणाऱ्या प्रणालीवर ते चालवूनही दाखवलं. सोहोनी तेच, ज्यांनी केतन मुलमुले यांच्याबरोबर २००१ साली संगणनातल्या सर्वांत अवघड प्रश्नावर भूमितीच्या वाटेने चाल केली.

आणि हेच सोहोनी त्या वर्षांत ‘सितारा’ या आयआयटीच्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातून गावांच्या पाण्याचा हिशेब मांडत होते. पुढे २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या जिल्ह्यांत आपलं यवतमाळ आहे. प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईने तयार केली: पाऊस किती पडला, उतारावरून किती वाहून गेला, मातीत किती मुरला, पिकाने किती प्यायला, विहिरीसाठी काय उरलं.

मला विचाराल तर हा हिशेब घन स्वीपपेक्षा अवघड आहे. स्वीपमध्ये मार्ग आणि काप दोन्ही आपल्या हातात असतात. चुकलं तर चुरगळलेला पत्रा लगेच दिसतो, दुरुस्त करून पुन्हा चालवता येतो. इथे पाऊस पावसाच्या मनाने पडतो, काळी माती एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत बदलते, आणि आकडा चुकला तर ते कपाशी पाते-बोंडांवर आल्यावर कळतं. तोवर वर्ष गेलेलं असतं.

आपल्या वर्गातले तिघे-चौघे कृषी खात्यात आहेत, आणि शेती करणारे तर बरेच. तुमच्या गावात असा ताळेबंद मांडला गेला का, ग्रामसभेत तो कुणी वाचून दाखवला का, त्यातला आकडा आणि तुमच्या विहिरीची पातळी यांचा मेळ बसला का, हे संमेलनात मला सांगा. मी वही घेऊन येणार आहे.