पौलाचे एक शिफारसपत्र

कचेरीत कागद हाताळणाऱ्यास एक गोष्ट अनुभवाने कळते. केवळ जावक प्रत वाचून प्रकरण समजत नाही. आलेला कागद, मागील टिपणे, त्या काळचे नियम आणि पत्रलेखनाची रूढ धाटणी ही सारी समोर असावी लागतात. बायबलच्या नव्या करारातील पौलाची पत्रे ही अशीच जावकेची कागदपत्रे होत. त्यांच्या आवकेची बाजू आज उपलब्ध नाही. शतकानुशतके ती धर्मवचने म्हणून वाचली गेली आणि ती मुळात पत्रे होती, याचा पुष्कळांस विसर पडला.

तो विसर घालविला इजिप्तच्या वाळूने. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल व हंट या इंग्रज विद्वानांनी ऑक्सिऱ्हिंकस येथील प्राचीन उकिरडे खणण्यास आरंभ केला. तेथून पपायरसवर लिहिलेली सामान्य माणसांची पत्रे, पावत्या आणि करारनामे बाहेर आले. १९०८ मध्ये आडोल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने इजिप्तमधील अशा कागदांशेजारी नव्या करारातील पत्रे ठेवून दाखविली. त्यांत दुसऱ्या शतकातील आपिओन या नव्या शिपायाने इटलीतून इजिप्तमधील वडिलांस धाडलेले एक पत्र आहे. आरंभी स्वतःचे नाव, मग वडिलांचे. नंतर नमस्कार, प्रकृतीची विचारपूस, समुद्रातील संकटातून वाचविल्याबद्दल सेरापिस देवाचे आभार, आणि प्रवासखर्चाची तीन सुवर्णनाणी मिळाल्याची वार्ता! परमुलखी नेमणूक झालेल्या आमच्यासारख्यांस हे पत्र परके वाटू नये.

पौलाच्या पत्रांचा सांगाडाही हाच आहे. त्याने फिलेमोनास लिहिलेले, जेमतेम पंचवीस वचनांचे पत्र पाहू. पौल बंदिवासात आहे. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम त्याच्यापाशी आला आहे आणि पौल त्यास धन्याकडे परत धाडीत आहे. अशी शिफारसपत्रे रोमन जगात नवी नव्हती. एकदोन पिढ्यांनंतर धाकट्या प्लिनीने साबिनिआनुस नावाच्या मित्रास, त्याची खप्पामर्जी झालेल्या एका मुक्त दासासाठी असेच पत्र लिहिले. प्लिनी त्या माणसाचे अश्रू, तारुण्य व पश्चात्ताप पुढे करतो आणि आपण त्यास कडक समज दिल्याचेही कळवितो.

ही दोन पत्रे शेजारी ठेवली म्हणजे पौलाचे वेगळेपण उमगते. तो अनेसिमाच्या पश्चात्तापाविषयी अवाक्षर काढीत नाही. अनेसिमाचे काही देणे असल्यास ते आपल्या खाती मांडण्यास सांगतो आणि फेडीचे वचन स्वहस्ते लिहून देतो. कर्जरोख्यांतील ही भाषा त्या काळच्या वाचकास तत्काळ ओळखू आली असणार. शिवाय पत्र एकट्या फिलेमोनास नाही. त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीसही ते उद्देशून आहे. नकार द्यावयाचा तर तो साऱ्यांदेखत द्यावा लागणार. आणि मागणी आहे ती त्या गुलामास बंधू म्हणून स्वीकारण्याची.

या वाचनावर पुढे जिवंत माणसांचे भवितव्य अवलंबून राहिले. अमेरिकेत १८५० मध्ये पळालेल्या गुलामांना धन्याच्या हवाली करण्याचा कायदा अधिक कडक झाला, तेव्हा गुलामगिरीचे समर्थक याच पत्राकडे बोट दाखवीत. खुद्द पौलानेच गुलाम परत धाडला, असा त्यांचा युक्तिवाद असे. परंतु अनेसिम पळाला होता, असे पत्रात कोठेही स्पष्ट म्हटलेले नाही. मध्यस्थीसाठी धन्याच्या मित्राकडे जाणाऱ्या गुलामास फरारी समजू नये, असे मत रोमन विधिज्ञांनी नोंदविलेले आहे. पेटर लाम्पे या जर्मन अभ्यासकाने १९८५ मध्ये अनेसिमाच्या प्रकरणास हाच नियम लावून पाहिला. त्याचे अनुमान सर्वमान्य नसले, तरी जुन्या युक्तिवादाचा पाया किती कच्चा होता हे त्यावरून दिसते.

तथापि सोयीचे वाचन दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते. अनेसिमास मुक्त करावे, अशी उघड आज्ञा या पत्रात नाही. गुलामगिरी मोडावी, असा हुकूम तर नाहीच. आपणांस हवे असलेले शब्द जुन्या कागदात घुसडण्याचा अधिकार आम्हांस नाही. कागदावर आहे ते इतकेच, की एका कैद्याने दुसऱ्याच्या देण्यास आपली सही जोडली आणि धन्याने गुलामास भाऊ म्हणावे, असे चारचौघांसमक्ष मागितले. फिलेमोनाचे उत्तर कोणते, हे आवकेचा कागद नसल्याने कळत नाही. मागणी किती मोठी होती, हे मात्र त्या काळची इतर पत्रे वाचल्यावर कळते.